हर्मीन लेन्सिंकची न झालेली केमो

हर्मीन लेन्सिंकने चौतीस वर्षं गावातल्या पोरांना पाण्यात ढकललं. पगार त्याचाच होता. जर्मनीच्या सरहद्दीला टेकलेल्या त्या डच गावात पोहता न येणारं मूल म्हणजे आईबापांची बेअब्रू. अंगात पूर्ण कपडे, पायात बूट, अशा अवस्थेत पोरांनी तलावात उडी मारायची, पाण्याखाली सोडलेल्या ताडपत्रीच्या भोकातून पलीकडे निघायचं, तेव्हा कुठे प्रमाणपत्र. काठावर हर्मीन लांब काठी घेऊन उभी. बुडणाऱ्याला काठी लगेच द्यायची नाही, हे तिचं तत्त्व. "आधी हात मार. काठी कुठे पळून चालली नाही." गावातली निम्मी माणसं तिच्या हाताखालून गेलेली. आता त्यांची पोटं सुटली होती, टकलं पडली होती, तरी रस्त्यात हर्मीन दिसली की नाकात पाणी गेल्यासारखे चेहरे करायची.

अशा बाईला एकसष्टाव्या वर्षी डाव्या स्तनात गाठ निघाली, तेव्हा गावाला मनापासून वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्यात थोडासा उत्साहही होता, हे कुणी कबूल केलं नसतं. पण आता काठी गावाच्या हातात येणार होती.

त्या मुलखात शेजारी हे नातं नव्हे, हुद्दा आहे. घर घेतलं की विहीर, कुंपण आणि शेजारी एकदमच ताब्यात येतात. पहिला शेजारी कोण, दुसरा कोण, हे आजोबांच्या काळापासून ठरलेलं असतं. मूल झालं की पहिल्या शेजाऱ्याने दारात लाकडी करकोचा उभा करायचा, बाळ तोच आणतो म्हणून. लग्न असलं की शेजाऱ्यांनी जमून कागदी गुलाब वळायचे आणि दारावर कमान चढवायची. कुणी गेलं की पेटीला खांदाही त्यांचाच. यात तुमची इच्छा कुणी विचारत नाही. शेजाऱ्याला 'राहू दे, कशाला त्रास' म्हणणं म्हणजे चालत्या नोकरीतून त्याला काढून टाकण्यासारखं आहे.

हर्मीनची पहिली शेजारीण फेन्ना ब्रुखिंक. वय अडुसष्ट, उंची पावणेसहा फूट, आवाज त्याहून उंच. अकरा वर्षांपूर्वी तिला स्वतःला स्तनाचा कॅन्सर झाला होता. सहा केमो घेऊन ती उठली, आणि तेव्हापासून गावात कॅन्सर हे तिचं खातं झालं. कुणाला कुठेही गाठ आली की आधी फेन्नाला सांगायचं, मग डॉक्टरांना.

हर्मीनचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली. आठवड्याने दवाखान्यात डॉक्टर टेर होर्स्ट बाईंनी समोर बसवून सांगितलं, "गाठीचा आकार आणि रूप बघितलं, तर आमचं पुस्तक म्हणतं केमो द्या. पण त्याआधी आपण गाठीलाच विचारू या. तिचा एक तुकडा अ‍ॅमस्टरडॅमला पाठवतो. तिथे तिची सत्तर जनुकं तपासतात. ही गाठ पुढे अंगभर पसरायच्या स्वभावाची होती की नव्हती, त्याचा अंदाज येतो. अडीच आठवडे लागतील."

हर्मीनने हे सगळं ऐकलं. शेजारी तिचा नवरा तोन बसला होता, त्यानेही ऐकलं. पण तोन शब्दांच्या बाबतीत फार जपून वागणारा माणूस. घरी आल्यावर कुंपणापलीकडून फेन्नाने विचारलं, "काय म्हणाले?" तोनने सबंध दिवसाचा शब्द तिथे खर्च करून टाकला.

"केमो," तो म्हणाला आणि कोंबड्यांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता फेन्नाच्या स्वयंपाकघरात सभा भरली. कॉफी आली. प्रत्येकाला एक बिस्किट मिळालं आणि डब्याचं झाकण लागलं. मग सगळ्यांनी आपापल्या डायऱ्या उघडल्या. हर्मीनलाही बोलावलं होतं. आजार तिचाच होता, तेव्हा बोलावणं बरं दिसलं.

"सोळा फेऱ्या," फेन्ना म्हणाली. "हल्ली सोळा देतात, मी चौकशी केली आहे. सोळा वेळा न्यायचं, सोळा वेळा आणायचं. बेरेंट, तुला मंगळवार."

बेरेंट विसिंक आयुष्यभर दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला. "मंगळवारी माझे पत्ते असतात."

"बेरेंट, हा कॅन्सर आहे."

"म्हणून तर बुधवार दे म्हणतो. मन लावून चालवीन."

"अजून काही ठरलेलं नाहीये," हर्मीन म्हणाली. "अ‍ॅमस्टरडॅमहून जनुकांचं उत्तर यायचंय."

"जनुकं?" बेरेंटने मान वर केली. "म्हणजे तुझ्या आईकडून आलं होय? तरी मी म्हणायचो, त्या घरात सगळ्यांचीच प्रकृती जरा..."

"माझी जनुकं नाहीत. गाठीची."

"गाठीची निराळी? बघा! राहायची हिच्या घरात आणि नाव आपलं वेगळं लावायची!"

सगळे हसले. हर्मीनही हसली. मग केस कापणाऱ्या मारलूनने तिच्या डोक्याकडे एकदा माप घेतल्यासारखं पाहिलं. "केस आधीच उतरवू या. उशीवर सापडायला लागले की धक्का बसतो. टोप मी मागवते, तुला तांबूस शोभेल."

"मारलून, उत्तर तरी येऊ दे."

"उत्तर येईल तेव्हा येईल," फेन्ना म्हणाली. "तोवर वेळापत्रक तयार असलेलं बरं. केमोत माणसाला काही सुचत नाही, हर्मीन. तुला नाही कळायचं ते. मला माहीत आहे."

हर्मीनच्या डोळ्यांसमोर तलावाच्या काठावर रडणारी सहा वर्षांची पोरं येऊन गेली. तिनेही त्यांना नेमकं हेच सांगितलं होतं, याच आवाजात.

पुढचे अडीच आठवडे गाव कामाला लागलं. फेन्नाकडून वाटाण्याचं घट्ट सूप अकरा डबे भरून आलं. तोनने बर्फाच्या कपाटातून खायला ठेवलेला ससा बाहेर काढला आणि सूप आत ठेवलं. टपालाने चित्रांची शुभेच्छापत्रं यायला लागली. सूर्यफूल, दीपस्तंभ, सूर्योदय, आणि खाली एकच शब्द: 'लढ.' ती हर्मीनने रिवाजाप्रमाणे दोरीवर चिमट्यांनी अडकवून खिडकीत टांगली. त्रेचाळीस झाली, तेव्हा बाहेरचं दिसेनासं झालं. बुधवारी संध्याकाळी शेजारणी फेन्नाकडे जमून गुलाबी कागदाचे गुलाब वळू लागल्या. सोळावी केमो झाली की हर्मीनच्या दारावर कमान लावायची, असं ठरलं होतं. फेन्ना स्वतः गुलाब वळत नव्हती. केमोने तिच्या बोटांच्या टोकांची जाणीव गेली होती, ती परत आलीच नाही. पातळ कागद तिच्या चिमटीत राहत नसे. ती खुर्चीवर बसून इतरांचे गुलाब तपासायची. "हा कोबी झाला. उलगड आणि पुन्हा वळ."

दोनशे चाळीस गुलाब तयार झाले, त्याच आठवड्यात उत्तर आलं.

इल्से नावाची परिचारिका होती, स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांचं सगळं तीच बघायची. वय तिशीच्या आतलं. हर्मीनला आत बसवून तिने कागद फिरवून समोर ठेवला. एका पट्टीवर एक टिंब होतं.

"कमी धोका, लेन्सिंक बाई. अगदी स्पष्ट उत्तर आहे. तुमच्या वयात, असं उत्तर आल्यावर, केमोने तुमचं काही भलं होणार नाही. किरणांचे पंधरा दिवस, आणि मग हार्मोनच्या गोळ्या, निदान पाच वर्षं. सांधे दुखतील, अंगातून वाफा निघतील, पण निभेल. पुढच्या गुरुवारी डॉक्टरांपुढे बसून पक्कं करू. निर्णय शेवटी तुमचा."

"म्हणजे केमो नाही?"

"गरज नाही."

परत येताना गाडी तोनने चालवली. मका कापून झालेला होता आणि उघड्या शेतांवर ऊन सपाट पसरलेलं होतं, कुठेही न अडखळता. हर्मीनला कितीतरी दिवसांनी भूक लागली. मग गावाची पाटी दिसली.

"तोन," ती म्हणाली, "फेन्नाला कोण सांगणार?"

तोनने गाडी हळू केली. एवढंच त्याचं उत्तर होतं.

दहाची कॉफी, एक बिस्किट, झाकण. हर्मीनने सांगितलं. स्वयंपाकघरात इतकी शांतता पसरली की कुणाचं तरी निधन झालंय असं बाहेरच्याला वाटावं.

"कमी?" फेन्ना म्हणाली. "कमी म्हणजे काय कमी?"

"पसरायचा धोका कमी. केमो नको."

"मी दातांच्या डॉक्टरची तारीख पुढे ढकलली होती," बेरेंट म्हणाला. "अर्थात आनंदच आहे. आनंदच आहे म्हणा."

"टोप परत घेत नाहीत ते," मारलून म्हणाली. "उघडलेला खोका घेत नाहीत."

"आणि गुलाब?" कुणीतरी विचारलं.

"ठेवू या. कुणा ना कुणाला लागतीलच," बेरेंट म्हणाला, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी नकळत एकमेकांच्या तब्येतीचा अंदाज घेतला.

फेन्नाने आपल्या डायरीतली सोळा नावं रेघ मारून खोडली. पट्टी धरून खोडली, पण पेन्सिल दोनदा तिच्या हातून सुटली. "यंत्रच ते," ती म्हणाली. "यंत्राला काय कळतं? मी असते तर घेऊन टाकली असती. असलेली बरी."

गावाचंही तेच म्हणणं पडलं. बेकरीत पाव कापून घेताना बाई म्हणाली, "एवढ्याशा तुकड्यावरून कसं ठरवतात बाई? समजा तुकडा दुसऱ्या बाजूचा घेतला असता तर?" पोस्टमन म्हणाला, "बरं झालं. म्हणजे तसं काही मोठं नव्हतंच तर." एकाने सायकल थांबवून सांगितलं की त्याच्या मेव्हणीलाही कमी धोका म्हणाले होते, पुढे काय झालं ते मात्र त्याला नक्की माहीत नव्हतं. पत्रं त्रेचाळिसावर थांबली. खिडकीत दीपस्तंभ आणि सूर्यफुलं एका सुरात 'लढ' म्हणत लटकत राहिली, आणि हर्मीनला त्यांच्याखाली बसून बटाटे सोलताना चोरासारखं वाटू लागलं.

लोकांचं सोडा. खरी अडचण तिच्या आतच होती. चौतीस वर्षांत तिने एकाही पोराला पाण्यात न उतरता प्रमाणपत्र दिलं नव्हतं. पंतप्रधानाचा मुलगा आला असता तरी दिलं नसतं. आणि आता तिला स्वतःला कोरड्या कपड्यांनी पास करून घरी पाठवलं होतं. हे प्रमाणपत्र खरं कसं मानायचं? रात्रीतून कुणीतरी येऊन म्हणेल, बाई, चूक झाली, ताडपत्रीच्या भोकातून गेलाच नाहीत तुम्ही. केमो घेतली तर निदान आपण हात मारले, असं तरी होईल. आणि मेलोच, तर गाव म्हणणार नाही की हिला सांगितलं होतं.

सोमवारी तिने इल्सेला फोन लावला.

"मी केमो मागितलीच, तर देता येईल का?"

"देता येईल. कुणी अडवणार नाही. पण का हवी आहे?"

"असलेली बरी."

"लेन्सिंक बाई, तुमच्यासारख्या शंभर जणींना आम्ही केमो दिली, तर केस शंभरही जणींचे जातील. थकवा शंभर जणींना. काहींची बोटं कायमची बधिर होतील, एखादीच्या हृदयाला इजा होईल. फायदा एखादीला झाला तर झाला, आणि तोही दाखवून देता येणार नाही."

"मग बायका मागतात का?"

"मागतात की. काहीतरी केलं असं वाटतं. आणि घरच्यांना वाटतं, काहीतरी केलं हिने."

संध्याकाळच्या जेवणाला हर्मीनने हे तोनला सांगितलं. तो फेन्नाच्या सुपाचा तिसरा डबा खात होता. त्याने चमचा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि चाळीस वर्षांच्या संसारातलं त्याचं बहुधा सर्वांत लांब वाक्य बोलला.

"सूप वाया जाऊ नये म्हणून तू आजारी पडणार आहेस का?"

आणि पुन्हा चमचा उचलला. हर्मीन हसली, पण ठरलं काहीच नाही. गुरुवार उरला होता.

बुधवारी दुपारी तीन वाजता फेन्ना आली. दहाच्या कॉफीला नाही, बोलावल्यावर नाही, मागच्या दाराने. कोट तसाच अंगात ठेवून ती खुर्चीवर बसली.

"उद्या घे म्हणून सांग," ती म्हणाली.

"फेन्ना, त्यांनी सांगितलंय ना, उपयोग नाही म्हणून."

"उपयोग! मी सहा घेतल्या. उपयोग आहे का म्हणून विचारलं मी? डॉक्टर म्हणाले घ्या, घेतली. तिसऱ्या खेपेला मी न्हाणीघरात फरशीवर झोपायची, कारण तिथून उठून वांत्या करायला जावं लागत नसे. तू सूप आणून द्यायचीस. आठवतं?"

"आठवतं."

"तेव्हा नाही म्हणालीस, उपयोग नाही म्हणून."

"तेव्हा मला काय माहीत!"

"तेव्हा कुणालाच नव्हतं! तुझ्या गाठीचे कोण लाड! अ‍ॅमस्टरडॅमला काय पाठवली, सत्तर प्रश्न काय विचारले, बाईसाहेबांचा स्वभाव काय तपासला..." फेन्नाचा आवाज अचानक खाली आला. इतका खाली आलेला हर्मीनने कधी ऐकला नव्हता. "माझ्या गाठीला कुणी काही विचारलं नाही, हर्मीन."

हर्मीनने किटली चुलीवर ठेवायला उचलली होती. ती तिने तशीच धरून ठेवली. वेळापत्रक, सूप, पेन्सिलने खोडलेली सोळा नावं. इतके दिवस तिला वाटत होतं की फेन्नाचा उत्साह मोडला म्हणून ती रुसली आहे. आता तिला दिसलं. हर्मीनने केमो घेतली असती, तर केमो ही घ्यावीच लागणारी गोष्ट ठरली असती. सगळ्यांना. अकरा वर्षांपूर्वीसुद्धा.

"तुला वाटतं तुझीही..." हर्मीन म्हणाली.

"मला काही वाटत नाही." फेन्नाने आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "तेरा नातवंडं आहेत मला. धाकटीचे केस कसे लागतात हाताला, ते मला माहीत नाही. बघते, म्हणून कळतं की मऊ असणार. ते जगण्याची किंमत म्हणून दिलं, असं मी गावभर सांगत आले. आता एक पोरगी कागदावर टिंब दाखवते."

कोंबड्या बाहेर कशावरून तरी भांडत होत्या. तोनचं त्यांना समजावणं ऐकू येत होतं. कोंबड्यांशी तो भरपूर बोलत असे.

"दवाखान्यात जुने तुकडे जपून ठेवतात," हर्मीन हळूच म्हणाली. "वर्षानुवर्षं. इल्से म्हणाली होती. उद्या विचारू का तुझ्याबद्दल?"

फेन्नाने टेबलावरचे हात मांडीवर ओढून घेतले. "नको," ती म्हणाली. "गरज होती म्हणाले, तर अकरा वर्षांनी पुन्हा धास्ती. नव्हती म्हणाले, तर या हातांचं काय करू? आहे ते बरं आहे."

"फेन्ना, मी नाही घेणार केमो."

"कळलं मला ते. किटली ठेव खाली, हात दुखेल."

"तुला राग आला असेल तर..."

"आलाय. येऊ दे की थोडा. पहिली शेजारीण आहे मी तुझी, एवढा हक्क आहे माझा." ती उठली. दाराशी गेल्यावर मागे न बघता म्हणाली, "उद्या तोन नको. तो आत बसून काही बोलत नाही, आणि बाहेर येऊन भलतंच सांगतो. मी येते."

गुरुवारी फेन्नाने गाडी चालवली. वाटेत ती एक शब्द बोलली नाही, तोनच्या जागेचा मान राखल्यासारखी. डॉक्टर टेर होर्स्टच्या खोलीत ती पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली. हर्मीनने केमो नको म्हणून सांगितलं. आवाज तलावाच्या काठावरचाच निघाला. डॉक्टरांनी किरणांच्या तारखा सांगितल्या, गोळ्यांची नावं सांगितली, आणि सवयीने विचारलं, "आणखी काही प्रश्न?"

"मला आहे," फेन्ना म्हणाली.

डॉक्टरांनी हर्मीनकडे पाहिलं. "या तुमच्या बहीण?"

"शेजारीण," हर्मीन म्हणाली. "पहिली."

डॉक्टरही त्याच मुलखातल्या होत्या. त्यांनी खुर्ची फेन्नाकडे वळवली.

"ही जी चाचणी," फेन्ना म्हणाली, "ती आता तुम्ही सगळ्या बायकांना सांगता का?"

"ज्यांना उपयोगी पडेल त्यांना. त्यांनी विचारलं, तर नक्कीच."

"बायका नाही विचारत, डॉक्टर. त्यांना माहीतच नसतं विचारायचं. त्या म्हणतात, सांगा काय घेऊ, आणि घेतात." फेन्नाने पर्सचा बंद दोन्ही मुठींत धरला होता. "न विचारता सांगत जा."

डॉक्टर टेर होर्स्ट काहीतरी समजावून सांगणार होत्या. तोंड उघडलंही होतं. मग त्यांनी समोरच्या बाईचे हात पाहिले, तोंड मिटलं, आणि पेन घेऊन ते लिहून घेतलं.